शिलाई ओढून बघा: सोल, क्योटो आणि कोबेची गोष्ट

(ऐकायला वेळ नाही, वाचायला आहे असं म्हणणाऱ्यांसाठी या आठवड्याच्या एपिसोडचा हा लिखित भाग. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे' काढलेत, बाकी जवळपास तसंच आहे.)



आजचा एपिसोड जपान-कोरियाचा आहे, पण सुरू कराडमधून होतो. कराडला माझा मामा आहे, टेलर. चाळीस वर्षं त्याने शर्ट-पँट शिवल्या. माझा कॅम्पस इंटरव्ह्यूचा शर्टसुद्धा त्यानेच शिवलेला. दोन वर्षांपूर्वी, वयाच्या ६६व्या वर्षी, त्याला टीप वाकडी दिसायला लागली. आधी त्याने मशीनला शिव्या घातल्या. सुई बदलली, बॉबिन बदललं, मेकॅनिकला बोलावून मशीन उघडून घेतलं. मग एक दिवस त्याला फूटपट्टीही मधेच वाकलेली दिसली. लोखंडी फूटपट्टी. तेव्हा तो घाबरला आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला.

निदान झालं ड्राय एएमडी. म्हणजे वयोमानाने दृष्टिपटलाच्या मधल्या भागाची होणारी झीज. कडेकडेचं दिसतं, पण जिथे बघायचं असतं तिथेच धूसर. सुईत दोरा ओवायचा तर सुईच गायब! डॉक्टर सरळ बोलले: "गेलेलं परत आणणारं औषध माझ्याकडे नाही. अजून बिघडू नये म्हणून लक्ष ठेवू."

आणि मग व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ आला. एका मोठ्या शहरातलं क्लिनिक. पोटाची थोडी चरबी काढायची, त्यातून 'स्टेम सेल' वेगळ्या करायच्या, त्याच दिवशी दोन्ही डोळ्यांत इंजेक्शन. साडेतीन लाख रुपये. मामाने फोन केला तर पलीकडचा माणूस म्हणाला, "काका, यालाच जपानमध्ये नोबेल मिळालंय."

मामाने मला फोन लावला. "तू बीटेक आहेस ना? जरा नेटवर बघ, हे खरं आहे का." पैसे जमले होते. मामीने एफडी मोडायची तयारी केली होती. मी म्हटलं, दोन आठवडे दे. त्या दोन आठवड्यांत मी जे वाचलं, ते आज तुम्हाला सांगतोय.

कोरी पेशी

आधी बेसिक. आपल्या शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत तोच संपूर्ण डीएनए असतो. म्हणजे कोडबेस एकच. फरक इतकाच की त्वचेच्या पेशीत काही फाइल्स चालू असतात, डोळ्याच्या पेशीत दुसऱ्या. सुरुवातीच्या गर्भातल्या पेशी मात्र कोऱ्या असतात. त्यांच्यातून पुढे काहीही घडू शकतं: हाड, मेंदू, हृदय.

पेशी एकदा त्वचेची झाली की ती परत कोरी होऊ शकते का? १९६२मध्ये इंग्लंडच्या जॉन गर्डन यांनी बेडकाच्या आतड्याच्या पेशीतलं केंद्रक बेडकाच्या अंड्यात घातलं आणि त्यातून बेडूकमाशा वाढल्या. म्हणजे केंद्रकात सगळी माहिती शाबूत होती, फक्त बंद करून ठेवलेली. १९९६मध्ये डॉली मेंढी आली. १९९८मध्ये अमेरिकेत जेम्स थॉमसन यांनी माणसाच्या गर्भातल्या कोऱ्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या. पण त्यासाठी गर्भ नष्ट करावा लागत होता आणि त्यावर जगभर वाद पेटला होता. शिवाय त्या पेशी दुसऱ्याच्या. पेशंटचं शरीर त्या नाकारू शकतं.

म्हणून सगळ्यांचं स्वप्न एकच होतं: पेशंटच्या स्वतःच्या पेशींपासून कोऱ्या पेशी.

सोल: सगळ्यांना हवी असलेली बातमी

फेब्रुवारी २००४. दक्षिण कोरियातले पशुवैद्यक शास्त्रज्ञ ह्वांग वू-सुक यांनी 'सायन्स' या नियतकालिकात पेपर छापला. दावा असा की त्यांनी माणसाचा क्लोन केलेला गर्भ तयार करून त्यातून कोऱ्या पेशी मिळवल्या. २००५मध्ये त्याहून मोठा दावा आला: वेगवेगळ्या पेशंटशी जुळणाऱ्या ११ पेशी-मालिका.

कोरियात काय झालं असेल, कल्पना करा. सरकारने त्यांना 'सर्वोच्च शास्त्रज्ञ' ही पदवी दिली. पोस्टाचं तिकीट निघालं, त्यात एक माणूस व्हीलचेअरवरून उठतो, पळतो आणि कुणाला तरी मिठी मारतो. त्या तिकिटाकडे बघणारे खरे पेशंट होते, खऱ्या आया होत्या.

नोव्हेंबर २००५मध्ये एमबीसी वाहिनीच्या एका शोधपत्रकारिता कार्यक्रमाने दाखवलं की प्रयोगासाठी लागणारी स्त्रीबीजं कशी मिळवली, यात गडबड आहे. लॅबमधल्याच कनिष्ठ संशोधक मुलींनी बीजं दिली होती. लोक भडकले, पण ह्वांग यांच्यावर नाही, वाहिनीवर! जाहिरातदारांनी हात काढून घेतले. देशाच्या हिरोवर चिखल उडवता?

मग आले निनावी तरुण संशोधक. 'ब्रिक' नावाच्या, जीवशास्त्रवाल्यांच्या वेबसाइटवर कुणीतरी दाखवलं की पेपरमध्ये वेगवेगळ्या पेशींचे म्हणून छापलेले फोटो प्रत्यक्षात एकच आहेत. मग डीएनएच्या आकृत्यांवर शंका आली. सोल राष्ट्रीय विद्यापीठाने चौकशी केली आणि १० जानेवारी २००६ला अंतिम अहवाल दिला: दोन्ही पेपरमधला डेटा बनावट. पेशंटशी जुळणारी एकही पेशी-मालिका नव्हती. त्यासाठी दोन हजारांहून जास्त स्त्रीबीजं वापरली गेली होती.

गंमत म्हणजे ह्वांग यांनी २००५मध्येच जगातला पहिला क्लोन केलेला कुत्रा, स्नपी, जाहीर केला होता. तो मात्र चौकशीत खरा निघाला. माणूस सरसकट लबाड होता असं म्हणून मोकळं होता येत नाही. ज्याला एक अवघड गोष्ट खरोखर जमली होती, त्यानेच दुसरी खोटी सांगितली. म्हणून 'डॉक्टर फार मोठे आहेत हो' हे उत्तर पुरत नाही. माणूस तपासायचा नसतो, दावा तपासायचा असतो.

क्योटो: चोवीसमधून एकेक काढा

आता जपान. शिन्या यामानाका. जन्म १९६२चा, गर्डन यांचा बेडकांचा पेपर आला त्याच वर्षीचा. वडिलांचा ओसाकाजवळ शिलाई मशीनचे पार्ट बनवण्याचा छोटा कारखाना होता. (हे वाचून मी पहिला फोन मामाला केला होता.) यामानाका हाडांचे डॉक्टर झाले, पण ऑपरेशनमध्ये हात चालेना. जे काम इतरांना अर्ध्या तासात जमायचं, त्याला यांना कितीतरी जास्त वेळ लागायचा. सीनियर त्यांना 'जामानाका' म्हणायचे. जपानीत 'जामा' म्हणजे अडथळा.

त्याच काळात वडील गेले. रक्त चढवताना झालेल्या हेपटायटिसच्या संसर्गाने यकृत निकामी झालं होतं. त्या विषाणूला तेव्हा नावही नव्हतं, हेपटायटिस सी ओळखला गेला तो १९८९मध्ये. घरात डॉक्टर असून वडिलांसाठी काहीच करता आलं नाही. यामानाका संशोधनाकडे वळले ते या काळात.

अमेरिकेत काही वर्षं काम करून ते जपानला परतले तेव्हा हाताशी ना पैसा ना माणसं. उंदरांचे पिंजरे स्वतः साफ करावे लागायचे. इतके खचले की संशोधन सोडायच्या बेतात होते. १९९९मध्ये नारा इथल्या संस्थेत त्यांना स्वतःची छोटी लॅब मिळाली. पुढे २००४मध्ये ते क्योटो विद्यापीठात गेले. त्यांचा प्रश्न असा होता: त्वचेच्या पेशीला परत कोरी करायला कोणते जीन चालू करावे लागतील? अंडं नको, गर्भ नको.

जपानच्या रिकेन या सरकारी संशोधन संस्थेचा उंदरांच्या जीनचा डेटाबेस सगळ्यांसाठी खुला होता. तो चाळून आणि स्वतःच्या प्रयोगांतून त्यांनी २४ उमेदवार जीन निवडले. आता यातले नेमके कोणते? एकेक करून बघितले, कुठलाही एकटा पुरला नाही. जोड्या? त्रिकुटं? इंजिनीअर मंडळींनो, २ चा २४वा घात काढा. १ कोटी ६७ लाखांहून जास्त संच होतात. आयुष्य संपेल.

इथे येतो काझुतोशी ताकाहाशी. यामानाकांचा विद्यार्थी आणि मूळचा इंजिनीअरिंगवाला. (आपला माणूस!) यामानाका यांनी पुढे सांगितलंय की कल्पना त्याची होती. तो म्हणाला, आधी चोवीसच्या चोवीस एकदम घालू. मग एकेक काढून बघू.

तुम्ही कधी बग शोधताना कोडची एकेक ओळ कमेंट आऊट केली असेल तर तुम्हाला हे लगेच कळेल. २४ जीन घातल्यावर काही पेशी खरंच गर्भातल्या पेशींसारख्या वागायला लागल्या. मग २४ वेगळे प्रयोग, प्रत्येकात २३ जीन, प्रत्येक वेळी वेगळा एक गैरहजर. ज्याला काढल्यावर काम बिघडतं, तो महत्त्वाचा. असे १० उरले. मग त्या दहातून पुन्हा एकेक काढले. उरले चार: ऑक्ट ३/४, सॉक्स २, केएलएफ ४ आणि सी-मिक.

आणि पेशी कोरी झाली हे ओळखायचं कसं? त्यासाठी आधीच एक पक्की टेस्ट केस लिहून ठेवली होती. उंदरांच्या पेशींत असा बदल केला होता की फक्त कोऱ्या पेशींमध्ये चालू होणारा एक जीन सुरू झाला तरच ती पेशी औषधाच्या माऱ्यात जगेल. नाहीतर मरेल. म्हणजे 'मला वाटतंय झालं' याला जागाच नाही. जगली तर पास.

आता तारखा जुळवा. हे निकाल हाती आले २००५च्या सुमारास. त्याच वर्षाच्या शेवटी सोलचं प्रकरण फुटलं. यामानाकांना भीती होती की दुसरं कुणीतरी आधी छापेल, म्हणून घाई करायची होती. पण सोलच्या बातम्या आल्यावर त्यांनी उलटं केलं. थांबले. चार जीन घालून त्वचेची पेशी कोरी होते हे इतकं सोपं वाटणारं होतं की आशियातून आणखी एक असा दावा आला तर लोक काय म्हणतील, हे त्यांना माहीत होतं. ताकाहाशीने प्रयोग पुन्हा पुन्हा केला.

पेपर आला ऑगस्ट २००६मध्ये, 'सेल' या नियतकालिकात. शंका घेणारे होतेच. पण चार जीनची नावं पेपरमध्ये होती, आणि ते जीन पेशीत नेण्यासाठी लागणारं डीएनए त्यांनी इतर लॅबसाठी उपलब्ध करून दिलं. आमच्या भाषेत, कोड पब्लिक रेपोमध्ये टाकला. घ्या आणि चालवून बघा. २००७च्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या लॅबनी उंदरांवर तेच करून दाखवलं. नोव्हेंबर २००७मध्ये यामानाकांनी माणसाच्या पेशींवर करून दाखवलं आणि त्याच दिवशी थॉमसन यांच्या अमेरिकन गटानेही, थोडा वेगळा जीनसंच वापरून. २०१२मध्ये गर्डन आणि यामानाका यांना नोबेल मिळालं. मामाला फोनवर सांगितलेलं नोबेल ते हेच.

पण लक्षात घ्या, ते कशाला मिळालं? पेशी परत कोरी करता येते या शोधाला. डोळ्याच्या उपचाराला नाही. आणि त्या पद्धतीतही धोके होते. सी-मिक हा कॅन्सरशी जोडलेला जीन. या पेशी वापरून वाढवलेल्या उंदरांपैकी साधारण २० टक्क्यांना गाठी झाल्या. हे जगाला कुणी सांगितलं? यामानाकांच्याच गटाने, २००७मध्ये, स्वतःच्याच पेपरात.

कोबे, जानेवारी २०१४: "माझ्या मशीनवर तर चालतंय"

तुम्हाला वाटेल, सोलनंतर धडा मिळाला. नाही मिळाला.

जानेवारी २०१४. कोबे शहरातली रिकेनची लॅब. ३० वर्षांच्या हारुको ओबोकाता आणि सहकाऱ्यांचे दोन पेपर 'नेचर'मध्ये. दावा: उंदराच्या पेशी साधारण अर्धा तास सौम्य आम्लात ठेवल्या की त्या कोऱ्या होतात. जीन नको, काही नको. नाव दिलं स्टॅप. टीव्हीवर त्यांचा स्वयंपाकघरातला पांढरा एप्रन आणि लॅबच्या रंगीत भिंती दिवसरात्र दिसत होत्या.

जगभरातल्या लॅबनी लगेच पेशी आम्लात बुडवल्या. कुणालाच जमेना. एका अमेरिकन शास्त्रज्ञाने ब्लॉगवर तक्ता उघडला, ज्यांनी करून बघितलं त्यांनी निकाल लिहायचा. नाही, नाही, नाही. तिकडे वेबवर लोकांना फोटोंमध्ये फेरफार दिसला. एक फोटो तर ओबोकातांच्या जुन्या पीएचडी प्रबंधातला निघाला, वेगळ्याच प्रयोगाचा. १ एप्रिलला रिकेनच्या समितीने गैरप्रकार झाल्याचा निष्कर्ष काढला. ओबोकाता पत्रकार परिषदेत म्हणाल्या की स्टॅप पेशी आहेत, मी दोनशेहून जास्त वेळा बनवल्यात.

ऑफिसमध्ये हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकतो. "माझ्या मशीनवर तर चालतंय." आणि दर वेळी उत्तर एकच असतं: मग माझ्या मशीनवर चालवून दाखव.

रिकेनने तेच केलं. कॅमेऱ्यांच्या देखरेखीखाली त्यांना स्वतःला प्रयोग करायला दिला. जमला नाही. जुलैमध्ये पेपर मागे घेतले गेले होते. डिसेंबरमध्ये त्यांनी राजीनामा दिला. पुढच्या तपासात दिसलं की 'स्टॅप' म्हणून दाखवलेल्या पेशी बहुधा गर्भातल्या कोऱ्या पेशीच होत्या, मिसळल्या गेलेल्या. २०१५मध्ये सात लॅबनी मिळून १३३ प्रयत्नांचा हिशोब छापला. एकही यशस्वी नाही.

या प्रकरणाची एक बाजू अशी आहे की तिच्यावर जोक करता येत नाही. पेपरचे एक सहलेखक योशिकी सासाई. अत्यंत हुशार शास्त्रज्ञ. २०११मध्ये त्यांच्या गटाने उंदराच्या कोऱ्या पेशींपासून लॅबमध्ये डोळ्याच्या पेल्यासारखी रचना वाढवून दाखवली होती. ते काम खरं होतं, आजही त्यावर पुढचं संशोधन उभं आहे. देखरेखीत कमी पडल्याचा ठपका त्यांच्यावर आला, माध्यमं हात धुऊन मागे लागली. ५ ऑगस्ट २०१४ला त्यांनी आत्महत्या केली. तपासणी कठोर हवी, पण तिचा तमाशा झाला की माणसं जातात. हेही या इतिहासात लिहायला हवं.

कोबे, सप्टेंबर २०१४: न झालेलं ऑपरेशन

आता नीट ऐका. तीच संस्था, तेच शहर, आणि सासाई गेल्यावर जेमतेम पाच आठवडे.

१२ सप्टेंबर २०१४. रिकेनच्या नेत्रतज्ज्ञ मासायो ताकाहाशी (काझुतोशीशी संबंध नाही, आडनाव फक्त सारखं) आणि त्यांचा गट. सत्तरीतल्या एका बाईंना वेट एएमडी होता, मामाच्या आजाराचाच दुसरा प्रकार. बाईंच्या त्वचेच्या पेशी घेतल्या. त्या यामानाका पद्धतीने कोऱ्या केल्या. त्यांच्यापासून दृष्टिपटलाखालच्या थराच्या पेशी बनवल्या. सगळ्याला कित्येक महिने लागले, टप्प्याटप्प्यावर तपासण्या झाल्या. मग १.३ बाय ३ मिलिमीटरचा तुकडा एका डोळ्यात बसवला. एकाच. अशा पेशींपासून बनवलेला भाग माणसाला बसवण्याची जगातली ही पहिलीच वेळ होती.

निकाल? वर्षभरानंतर गाठ नाही, तुकडा जागेवर. नजर सुधारली नाही, पण बिघडलीही नाही.

दुसरा पेशंट तयार होता. त्याच्या पेशी बनवून झाल्या होत्या. तपासणीत त्यांच्या डीएनएत काही बदल दिसले, जे मूळ पेशींत नव्हते. त्यातून नुकसान झालंच असतं असं नाही. पण गट थांबला. ऑपरेशन झालंच नाही.

मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात मोठी वाटलेली गोष्ट हीच आहे. जगाचे कॅमेरे लागलेत, संस्थेची अब्रू नुकतीच गेलीय, एक यश जगाला हवंय, पेशंट दारात बसलाय. आणि डॉक्टर म्हणतात, नाही.

एकाच अंकातली दोन पानं

कोबेच्या या कामाचा पेपर मार्च २०१७मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. तो १०४६व्या पानावर संपतो. १०४७व्या पानावर दुसरा पेपर सुरू होतो.

तो फ्लोरिडामधला. ७२ ते ८८ वयाच्या तीन बायका. तिघींनाही एएमडी. एका क्लिनिकने त्यांची पोटाची चरबी काढली, त्यातून 'स्टेम सेल' वेगळ्या केल्या आणि त्याच दिवशी दोन्ही डोळ्यांत इंजेक्शन दिलं. त्यासाठी हजारो डॉलर घेतले. काही दिवसांत रक्तस्राव, दृष्टिपटल सुटणं. तिघींचीही नजर जवळजवळ गेली.

हे मी रात्री दीड वाजता वाचलं. चरबी. त्याच दिवशी. दोन्ही डोळे. पैसे भरून. व्हिडिओत मामाला सांगितलेली प्रत्येक पायरी तिथे होती.

आणखी एक गोष्ट. त्या क्लिनिकचा 'अभ्यास' अमेरिकन सरकारच्या ट्रायल नोंदणीच्या वेबसाइटवर नोंदवलेला होता. म्हणजे 'आमचं रजिस्ट्रेशन आहे' हे ऐकून निश्चिंत व्हायचं नाही. नोंदणी म्हणजे परीक्षेचा फॉर्म भरणं. पास होणं वेगळं.

मग काहीच होत नाहीये का?

होतंय की! आणि खरं. चीनमधल्या पेकिंग विद्यापीठाच्या डेंग होंगक्वी यांच्या गटाने जीन न घालता, फक्त रसायनांनी पेशी कोऱ्या करायची पद्धत आणली: २०१३मध्ये उंदरात, २०२२मध्ये माणसात. सप्टेंबर २०२४मध्ये 'सेल'मध्ये त्यांचा आणि तियानजिनच्या डॉक्टरांचा पेपर आला. टाइप १ डायबेटिस असलेली २५ वर्षांची एक पेशंट. तिच्याच पेशींपासून इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी तयार करून जून २०२३मध्ये पोटात बसवल्या. ७५ दिवसांनी तिची इन्शुलिनची इंजेक्शनं थांबली आणि वर्षभरानंतरही लागत नव्हती.

तिच्या पेशीही चरबीतूनच घेतल्या होत्या. मामा म्हणालाच, "बघ, चरबीच की!" फरक इतका की तिथे चरबीतली पेशी आधी कोरी केली, मग तिला नवं काम शिकवलं, मग तपासलं. चरबी काढली आणि तासाभरात टोचली असं नाही. कापड कापलं म्हणजे शर्ट झाला का?

आणि त्या गटाने स्वतःच मर्यादा लिहिलीय. त्या पेशंटचं आधी यकृत बदललेलं होतं, त्यामुळे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालूच होती. ती नसती तर शरीराने या पेशी स्वीकारल्या असत्या का, हे यातून सांगता येत नाही. पेशंट एक आहे.

एप्रिल २०२५मध्ये 'नेचर'मध्ये क्योटोचा पेपर आला, जुन ताकाहाशी यांच्या गटाचा. (हे मासायो यांचे पती. घरात काय गप्पा होत असतील!) पार्किन्सनच्या ७ पेशंटच्या मेंदूत अशा पेशी बसवल्या, दोन वर्षं लक्ष ठेवलं. गंभीर दुष्परिणाम नाहीत. ज्या सहा जणांचा परिणाम मोजला, त्यातल्या चौघांच्या हालचाली सुधारल्या. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हेही सांगितलेलं आहे. २००६च्या पेपरपासून इथवर यायला १९ वर्षं लागली.

तुमच्या घरी व्हिडिओ आला तर

आपल्याकडचा नियम सोपा आहे. २०१७च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही ठरावीक आजारांसाठी होणारं स्टेम सेल प्रत्यारोपण सोडलं, तर बाकी सगळं प्रायोगिक आहे. ते फक्त मंजूर ट्रायलमध्येच करायचं. आणि ट्रायलमधल्या पेशंटकडून त्या उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात.

म्हणून मी क्लिनिकला फोन करून चार प्रश्न विचारले. तुमचे निकाल कुठे छापलेत? तुमच्याशी संबंध नसलेल्या कुणी हेच करून बघितलंय का? किती जणांना त्रास झाला? ट्रायल असेल तर पैसे कसले? पहिल्या प्रश्नाला त्यांनी पेशंटचे व्हिडिओ पाठवले. दुसऱ्याला म्हणाले, "सर, आमची टेक्निक सीक्रेट आहे." तिसऱ्याला "कुणालाच नाही." चौथ्याला फोन ठेवला.

यामानाकांनी चार जीनची नावं छापली होती. हे 'सीक्रेट' म्हणतात. मला तिथेच उत्तर मिळालं.

पण मामाला नाही मिळालं. मी कराडला जाऊन सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तुझं काय जातंय रे? डोळे माझे चाललेत." मला काहीच बोलता आलं नाही. खरंच होतं ते. नाही म्हणणं सोपं असतं, जेव्हा धूसर दुसऱ्याला दिसत असतं. मामी मात्र म्हणाली, "निदान आहे तेवढं तरी राहू दे."

एफडी मोडली नाही. मामा महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही. आता दुकान मामेभाऊ बघतो. मामा काउंटरवर असतो, मोठा भिंग आणि दिवा घेऊन. परवा गेलो होतो तेव्हा भावाने शिवलेली पँट त्याच्या हातात होती. डोळ्यांनी टीप दिसत नव्हती, म्हणून त्याने दोन्ही हातांनी कापड धरलं आणि शिलाई जोरात ओढली. मग दुसऱ्या बाजूची. मग म्हणाला, "पक्की आहे. दे गिऱ्हाइकाला."

मी त्याला म्हटलं, क्योटोतल्या त्या पोराने हेच केलं होतं. एकेक काढून ओढून बघितलं.

"मग?" मामा म्हणाला. "न ओढता देतात होय कुणी?"

तर मंडळी, घरात कुणाला असा व्हिडिओ आला असेल, तर हा एपिसोड त्यांना ऐकवा, आणि डोळ्यांचा त्रास असेल तर आधी नेत्रतज्ज्ञाकडे न्या. सरळ रेघ वाकडी दिसायला लागली तर मशीनला शिव्या देत बसू नका, त्याच आठवड्यात दाखवा. वेट प्रकार असेल तर वेळेत दिलेली इंजेक्शनं आज उपलब्ध आहेत आणि ती काम करतात.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर, काळजी घ्या!